आबांचा खुराक

आमच्या घरात लाड म्हणजे दूध. आबांनी मला मांडीवर घेऊन कुरवाळल्याचं मला आठवत नाही, आणि खोटं कशाला सांगू, त्या काळी मंगळवार पेठेत कुणाच्याच बापानं पोरीला कुरवाळलेलं मी पाहिलेलं नाही. पण सकाळी तालमीतून आले की अंगावरची लाल माती न धुता ते तसेच परसातल्या गोठ्यात शिरायचे, म्हशींपुढं भिजवलेलं आंबोण ठेवायचे, आणि पितळी तांब्यात पहिली धार पडली की त्या आवाजानं मी अंथरुणात जागी व्हायचे. तांब्या भरत जाईल तसा आवाज जाड होत जायचा. मग हाक यायची, "नंदे, ऊठ की!" मी तोंडसुद्धा न धुता परसात जायचे. आबा उकिडवे बसलेले, मिशीवर घाम, हातात फेसाळलेला तांब्या. "एका दमात," म्हणायचे. कोमट, गोडसर, म्हशीच्या अंगाचा वास असलेलं ते दूध मी एका दमात प्यायचे आणि वरच्या ओठावर फेसाची मिशी आली की आबा हसायचे. दिवसभरात ते हसलेले मी बघितलेत ते तेवढेच.

आबा वस्ताद होते. गल्लीच्या टोकाला तालीम होती, तिथं वीस-पंचवीस पोरं त्यांच्या हाताखाली घाम गाळायची. स्वतःच्या उमेदीत आबांनी कुस्तीची मैदानं मारलेली, दोन्ही कान मोडलेले, मान आणि खांदा यांच्यात फट नव्हती. त्यांना जगात दोनच गोष्टी कळायच्या, मेहनत आणि खुराक. शेजारचा कुणी आजारी पडला, कुणाचा पोरगा मॅट्रिकला गचकला, कुणाची सोयरीक मोडली, आबांचं निदान ठरलेलं: "खाण्यात लक्ष न्हाय त्याचं." आई हसू दाबत पदर तोंडाला लावायची. ती बिद्रीची. तिच्या माहेराहून दर वर्षी गुळाच्या ढेपा यायच्या आणि काकवीचा डबा यायचा, त्यामुळं आमच्याकडं गोडाला तोटा नव्हता. घरात सारखा कसला ना कसला खाण्याचाच आवाज असायचा. दगडी कुंडीत थंडाई घोटायची घरघर, भाकरी थापायची थपथप, रविवारी मटणाच्या रश्श्याला फोडणी पडली की अख्ख्या गल्लीला ठसका. माझा धाकटा भाऊ संजू आणि मी, आम्ही दोघं ताटावर बसलो की आबा शेजारी उभे राहून बघायचे. ताटात काही उरलं तर त्यांचं तोंड उतरायचं.

नववीत असताना मला पाळी आली. दुसरी आली ती तीन महिन्यांनी, तिसरी त्यानंतर पाच महिन्यांनी. आमच्याकडं त्या चार दिवसांत बाजूला बसायची रीत होती. न्हाणीघराजवळच्या कोपऱ्यात एक चटई, एक तांब्या, एक ताट. त्यामुळं कुठली पोरगी कधी बाजूला बसते हे शेजारपाजारच्या सगळ्या बायकांना पाठ, आणि कुठली बसत नाही हेही तितकंच पाठ. शेजारच्या हौसाकाकू एक दिवस ताक न्यायला आल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "का गं, नंदी लई दिवसात बाजूला बसल्याली दिसली न्हाय?" त्यांचा आवाज म्हणजे काय सांगू, हळू बोलल्या तरी तालमीपर्यंत जायचा. आईचा चेहरा पांढराफटक पडला. पोरगी सोळाची, पाळी चुकलेली, लोक काय काय बोलतील याची तिला धास्ती. त्याच संध्याकाळी ती आबांच्या ताटापुढं बसली. मी आत चुलीजवळ होते, मला सगळं ऐकू येत होतं. पण नवऱ्याशी पोरीच्या पाळीचं बोलणार कसं? जीभच वळेना तिची. शेवटी ती एवढंच म्हणाली, "नंदी लई अशक्त झालीया. कायतरी बघा."

आबांचा घास हातात राहिला. "मग आधी सांगायचं न्हाईस व्हय?" म्हणाले. अशक्तपणा! अहो, अशक्तपणावर इलाज हा तर त्यांचा हातखंडा. वाळक्या काटकुळ्या पोरांना त्यांनी वर्षभरात पैलवान करून दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून माझा खुराक सुरू झाला. सकाळी एकाच्या जागी दोन तांबे दूध. त्यावर लिंबाएवढा लोण्याचा गोळा, साखर लावून. आबा रात्रभर भिजवलेले बदाम स्वतः सोलायचे, त्या राकट अंगठ्यांनी एकेक साल काढायचे, आणि खसखस, बडीशेप, मिरी घालून माझ्यासाठी वेगळी थंडाई घोटायचे. दुपारी भातावर तुपाची धार, संध्याकाळी पुन्हा दूध. आई बिचारी पलीकडून आपलं चालवत होती. हौसाकाकूंनी तिला सांगितलं होतं की उष्ण खाल्लं म्हणजे पाळी येते, म्हणून ती आबांच्या नकळत मला वाटीभर काकवी तीळ घालून द्यायची. म्हणजे दोघं दोन बाजूंनी एकाच पोरीला भरवत होती आणि कशासाठी ते एकमेकांना सांगत नव्हती. आणि मी? मी खात होते. मला आवडायचं! आम्ही कोल्हापूरच्या पोरी बोलतानाही पोरांसारख्या 'मी जातो, मी खातो' म्हणायचो. आबांनी विचारलं, "जास्त हुतंय का गं?" तर मी म्हणायचे, "छ्या, पितो की मी!" त्यांना किती बरं वाटायचं ते मला दिसायचं, आणि ते बरं वाटावं म्हणून मी भूक नसताना पण प्यायले आहे.

दीड-दोन वर्षांत माझ्या अंगाचं काय झालं ते लिहायला आजही हात आखडतो, पण लिहायला बसलेच आहे तर लिहिते. पोट सुटलं, दंड भरले, परकराची नाडी पुरेना. तोंडावर मोठमोठे फोड आले. हनुवटीखाली राठ केस उगवायला लागले, ते मी न्हाणीघरात कडी लावून चिमट्यानं उपटायचे आणि डोळ्यांतून पाणी काढायचे. मानेवर मागच्या बाजूला काळा पट्टा पडला. आईला वाटलं मळ साचलाय. "आंघोळ करतीस का नुसतं पाणी वततीस अंगावर?" म्हणून तिनं पाय घासायची वज्री घेतली आणि माझी मान घासली. डाळीचं पीठ लावून घासली, लिंबू लावून घासली. कातडं सोललं, रक्त आलं, काळं काही गेलं नाही. तो मळ नव्हता. रक्तातल्या साखरेचा हिशेब अंगाला जमेनासा झाला की मान अशी काळी पडते, हे मला फार पुढं कळलं. आता कुठल्याही पोरीच्या मानेवर तो पट्टा दिसला की माझीच मान भाजल्यासारखी होते.

आता माझी स्वतःची खाणावळ आहे. कॉलेजच्या पोरी जेवायला येतात, आणि त्या काय बिनधास्त बोलतात हो! "काकू, मला भात नको, पीसीओडी हाय," असं एक पोरगी भरल्या पंगतीत, पोरं शेजारी बसलेली असताना म्हणाली, तेव्हा माझ्या हातातली पळी आमटीच्या पातेल्यात पडली होती. आता सवय झाली. माझाच आजार असलेल्या अशा पोरींसाठी मी ज्वारीची नाहीतर नाचणीची भाकरी टाकते, मोडाची मटकी, पालेभाजी, काकडी देते, ताकात साखर घालत नाही आणि बटाट्याची भाजी त्यांच्या ताटात जाऊ देत नाही. "सकाळी चालतीस का न्हाय?" म्हणून दमही भरते. त्या हसतात आणि म्हणतात, काकू आमच्या डॉक्टरपेक्षा बेकार आहेत.

खुराक जिरवायचा असतो. तालमीतली पोरं पहाटेपासून जोर काढायची, बैठका मारायची, हौद्यातली माती खोऱ्यानं उकरायची, एकमेकांना लोळवायची आणि मग दुधाला तोंड लावायची. मी काय करत होते? घर झाडत होते, शाळेत बाकावर बसत होते, आणि संध्याकाळी आबांचा चहा घेऊन तालमीच्या दारापर्यंत जात होते. दारापर्यंतच. आत मारुती, आणि मारुतीपुढं बायकांनी जायचं नाही. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून आतल्या त्या घामाच्या आणि तेलाच्या वासात पोरांच्या मांड्यांवर पडणाऱ्या शड्डूचे आवाज ऐकायचे. आबांचा खुराक तेवढा उंबरा ओलांडून घरी आला, मेहनत आतच राहिली. आज त्याच पेठांतल्या पोरी केस बारीक कापून, पोरांच्या बरोबरीनं मातीत उतरतात, बाप त्यांना मोटारसायकलवर बसवून मैदानाला घेऊन जातात. त्यांना बघितलं की मला आनंद होतो आणि हेवाही वाटतो, दोन्ही.

मग बघायला यायचे कार्यक्रम सुरू झाले. मी एकवीस वर्षांची झाले होते. तीन स्थळं आली आणि गेली. प्रत्येक वेळेला आबा पाहुण्यांना छाती काढून सांगायचे, "पोरगी खाऊनपिऊन हाय, पावणं. आमच्यात अशक्त कुणी न्हाय." चौथं स्थळ कसबा बावड्याचं. मुलगा साखर कारखान्यात नोकरीला, घरचं शेत, माणसं बरी वाटत होती. पोहे झाले, चहा झाला, आणि मुलाची आई उठून मला जवळ घ्यायला आली. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला, हनुवटीला धरलं, आणि तिची बोटं तिथंच थांबली. आदल्या दिवशीच मी चिमटा फिरवला होता, पण राठ केसांची मुळं हाताला लागायचीच. ती मागं वळून आपल्या बहिणीला म्हणाली, "अगं बाई, खुंट लागत्यात की हिला!" आणि दोघी फिसकन हसल्या. मुलगा खाली बघत होता, पण त्याचेही खांदे हलत होते. आबा बाहेरच्या खोलीच्या दारातच बसले होते. त्यांनी ऐकलं. पाहुणे गेल्यावर ते खुर्चीवरून उठले ते सरळ आत जाऊन बदाम भिजत घालायला लागले. त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं हो.

तेव्हा मात्र आईनं हिय्या केला आणि मला गावातल्या एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. तांब्या-तांब्या पाणी पिऊन, पोट तट्ट फुगवून मी सोनोग्राफीच्या बाकावर पडले. बाईंनी पडद्यावर बीजकोशांतले बारीक बारीक काळे ठिपके दाखवले. मग त्या मला प्रश्न विचारायला लागल्या, आणि प्रत्येक प्रश्नाला आईच उत्तर देत होती, म्हणून बाई शेवटी म्हणाल्या, "आई, तुम्ही जरा बाहेर बसता का? मला हिच्याशी बोलू दे." आई गेली. बाईंनी खुर्ची जवळ ओढली. या बाईंचा आवाज मी अजून विसरलेले नाही. त्यांनी विचारलं, घरात कुणाला साखर आहे का? मी म्हणाले, आबांच्या आईला होती, त्यातच ती गेली. त्या म्हणाल्या, "हे बघ नंदा, हा आजार खाण्यानं होत नाही. तो अंगातच असतो, बहुतेक घराण्यातनं येतो. पण खाण्यानं तो वाढतो, आणि खाण्यानं आटोक्यातही येतो. दूध-लोणी-तूप कमी कर, गूळ-साखर बंद कर, भाकरी, कडधान्य, भाज्या खा आणि रोज तासभर चाल. वजन उतरलं की पाळी सुधारेल." मी विचारलं, "मला मूल?" त्या म्हणाल्या, "होईल. कदाचित वेळ लागेल, औषधं लागतील, पण होतं. मी बघितलंय. आणि यात कुणाची चूक नाही, तुझी नाही, घरातल्यांचीही नाही."

हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं. नीट ऐकलं. आई बाहेर बाकावर पदराचं टोक पिळत बसली होती. "काय म्हणाल्या गं?" म्हणाली. मी म्हणाले, "घरी चल."

वाटेत माझ्या डोक्यात नुसत्या बावड्याच्या त्या दोन बायका हसत होत्या. घरी आले तर आबा परसात बदाम सोलत बसले होते. माझ्यासाठीच. "आलासा व्हय? काय म्हणाल्या बाई?" त्यांनी इतक्या आशेनं वर बघितलं, आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी ती वाटी त्यांच्या हातातून हिसकली आणि गोठ्याच्या भिंतीवर फेकली. "काय म्हणाल्या? दूध बंद! लोणी बंद! तूप बंद! तुमचं समदं बंद! म्हशीगत चारलंसा मला, आबा. तुमच्या खुराकानं माझ्या पोटात गाठी झाल्यात. मला पोर हुणार न्हाय आता, कळलं? कधीच हुणार न्हाय! बाईंनी सांगितलंय!" सात वर्षांची माझी लाज, मानेवरचं रक्त, हनुवटीचे केस, सगळं मी त्या माणसाच्या अंगावर ओतलं. आबा उठले नाहीत. मला वाटलं होतं ते हात उगारतील, आणि उगारला असता तर फार बरं झालं असतं. त्यांनी आईकडं बघितलं. ती दारात उभी होती. आबा इतकंच म्हणाले, "मला अशक्त म्हणून सांगितल्यालं." आईनं तोंडात पदर कोंबला आणि ती तिथंच खाली बसली. आबांनी विखुरलेले बदाम एकेक करून उचलले. खाली वाकून म्हशीच्या पायातले सुद्धा उचलले.

तिसऱ्या दिवशी एक गवळी येऊन दोन्ही म्हशी घेऊन गेला. आबांनी स्वतःचं दूध त्या दिवसापासून सोडलं. पन्नास वर्षं दुधावर पोसलेला माणूस, बिनदुधाचा चहा प्यायला लागला. आईनं एकदा कपात थोडं दूध घातलं तर कप तसाच राहिला. त्याच आठवड्यात एका सकाळी त्यांनी मला उठवलं. चपला घालून दारात उभे होते. "चल," म्हणाले. आम्ही रंकाळ्यापर्यंत चालत गेलो आणि आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तालमीतली सकाळची मेहनत त्यांनी दुसऱ्या वस्तादाच्या हाती सोपवली आणि ते रोज माझ्याबरोबर चालायला लागले, माझ्या दोन पावलं पुढं, मागं वळून न बघता. मी दमले की माझ्या चपलांच्या आवाजावरून त्यांना कळायचं, ते हळू व्हायचे. येताना स्वतः बाजारातून ज्वारी निवडून आणायचे, मेथीच्या जुड्या आणायचे. माझ्या ताटाशेजारी पूर्वीसारखे उभे राहायचे, पण आता ताटात काही उरलं तरी काही म्हणायचे नाहीत. आठ महिन्यांत माझं वजन उतरलं. पाळी आली, पुन्हा महिन्यानं आली. बाई म्हणाल्या होत्या तसंच अगदी झालं. आणि आबा वाळत चालले. तालमीतली पोरं वाटेत विचारायची, "वस्ताद, लई वाळलासा की?" ते म्हणायचे, "वय झालं, लेकरांनो."

रोज तासभर आम्ही दोघंच असायचो. कुणी तिसरं नाही. एका वाक्यात सांगता आलं असतं, आबा, मी खोटं बोलले, तुमच्या दुधानं काही झालेलं नाही आणि मला मूल होऊ शकतं. का नाही सांगितलं? पहिले काही महिने मला ते गप्प राहणं आवडत होतं. होय, आवडत होतं. मला कुणावर तरी राग हवा होता, आणि आबांच्या त्या वाकलेल्या पाठीकडं बघत चालताना तो मला मिळत होता. पुढं राग गेला, तेव्हा लाज वाटायला लागली. आता सांगितलं तर ते विचारतील, इतके दिवस मग का बोलली नाहीस? म्हणून उद्या सांगू, रविवारी सांगू, दिवाळी झाली की सांगू असं करत मी चालत राहिले. आज माझ्या खाणावळीत एखादी पोरगी फोनवर बापाशी खेकसून बोलली तर मी तिचं ताट वाढायचं थांबवते. ती चिडते. चिडू दे.

असं दीड वर्ष गेलं. एका सकाळी रंकाळ्यावरून परत येताना आबांनी छातीला हात लावला आणि कट्ट्यावर बसले. दवाखान्यात त्यांना दोन दिवस ठेवलं. नळ्या लावलेल्या, तो एवढा मोठा देह त्या खाटेवर कसातरी मावलेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आई आणि संजू खाली डबा घ्यायला गेले होते, मी एकटीच होते. आबांनी डोळे उघडले. "नंदे," म्हणाले, "पोरीची जात म्हणून तुला मातीत उतरवलं न्हाय. नुसता खुराक चारला. तालमीत कुणी असं केलं असतं तर मी त्याला हाणला असता. तुझी कूस मी बुजवली, पोरी." त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानात जात होतं, त्या मोडलेल्या कानात. माझ्या जिभेवर आलं होतं. देवाशपथ सांगते, अगदी जिभेवर आलं होतं. आणि मी काय बोलावं? "आबा, बोलू नका. डॉक्टरांनी बोलायचं न्हाय म्हणून सांगितलंय." त्यांनी ऐकलं. आज्ञाधारकासारखे गप्प बसले. त्यानंतर ते कुणाशीच बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, चालायला जायच्या वेळेला, गेले.

तालमीतल्या पोरांनी खांदा दिला. मी रडले नाही, तर बायका म्हणाल्या, धक्का बसलाय पोरीला.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं. नवरा भला मिळाला, त्याला मी लग्नाआधीच सगळं सांगितलं होतं, आजाराचं सगळं. मी त्याच डॉक्टरीणबाईंकडं जात राहिले, गोळ्या घेतल्या, चालणं सोडलं नाही, आणि तिसऱ्या वर्षी मला मुलगी झाली. बाळंतपणाला मी मंगळवार पेठेतच आले होते. आईनं बाळाला न्हाऊ घातलं, पुसलं, मांडीवर आडवं घेतलं आणि बघत बसली. तिच्या तोंडावर कितीतरी वर्षांनी हसू आलं होतं. "अंबाबाईनं ऐकलं बघ," म्हणाली. "डाक्टरनं न्हाय म्हणल्यालं, तरी तिनं दिलं. ह्यांच्या जिवाला तेवढाच घोर लागल्याला हुता. आणि माझ्याबी. मीच म्हणल्यालं की अशक्त हाय म्हणून."

मी दमलेली होते, अंगात त्राण नव्हतं, आणि इतकी वर्षं दाबून धरलेलं ते तोंडातून निघून गेलं. "डॉक्टरबाई न्हाय म्हणल्याच नव्हत्या, आई."

"मग कोण म्हणलं हुतं?"

"मी."

ती बाळाचे पाय दुपट्यात गुंडाळत होती, तिचे हात थांबले. "आणि खुराकाचं?"

"तेबी मीच. बाई म्हणाल्या हुत्या, जन्मापासनं अंगात असतंय. खाण्यानं वाढतंय एवढंच. कुणाची चूक न्हाय म्हणाल्या."

"हे त्यास्नी सांगितलंस?"

"न्हाय."

आईनं शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती तर मी तिच्या पायावर पडले असते. तिनं बाळाला नीट गुंडाळलं, माझ्या कुशीत दिलं आणि उठून परसात गेली. रिकाम्या गोठ्यात बराच वेळ उभी होती, मला खिडकीतून दिसत होतं. मग परत आली, हात धुतले आणि माझ्यासाठी शेगडी पेटवली. माझं सगळं बाळंतपण तिनं केलं, शेक दिला, तेल लावलं, मला काय चालतं काय चालत नाही ते विचारून विचारून रांधलं. त्यानंतर ती चौदा वर्षं जगली. माझी मुलगी तिच्या मांडीवर पडून विचारायची, आजी, आजोबा कसे होते गं? मग आई तिला सांगायची, त्यांनी मारलेली मैदानं, त्यांचे मोडलेले कान, त्यांच्या मिशीवरचा घाम. मी बाहेरच्या खोलीतून ऐकायचे. मी आत आले की ती बोलायची थांबायची.